गोठणे-वितळणे आणि काँक्रीटचा टिकाऊपणा

काँक्रीट दगडासारखे भरीव दिसते. प्रत्यक्षात त्यात अतिसूक्ष्म रंध्रांचे जाळे असते. या रंध्रांतील पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. प्रसरणाला जागा न उरल्यास आतून दाब येऊन बारीक तडे जातात. बर्फ वितळल्यावर त्या तड्यांत अधिक पाणी शिरते आणि पुढच्या गोठण्यात ते रुंदावतात. लडाखसारख्या प्रदेशात हे चक्र वारंवार घडते.

प्रतिकार ठरवणारे घटक

पहिला घटक ओलाव्याचा. कोरड्या काँक्रीटला गोठण्याची फारशी बाधा होत नाही. पाण्याने भरलेले काँक्रीट मात्र फुटते. दुसरा घटक पाणी व सिमेंट यांचे प्रमाण. जादा पाणी उडून गेल्यावर मागे रंध्रे राहतात. तिसरा घटक हवा. विशिष्ट रसायनाने काँक्रीटमध्ये सूक्ष्म बुडबुडे राखल्यास वाढत्या बर्फाला मोकळी जागा मिळते. एम ५० पेक्षा खालच्या प्रतीच्या काँक्रीटमध्ये २० मिलिमीटर खडी असल्यास सुमारे ५ टक्के हवा असावी, असे भारतीय मानक ‘आयएस ४५६ : २०००’ सांगते. हवेमुळे ताकद मात्र घटते. सच्छिद्र खडी, अपुरे क्युरिंग आणि बर्फ हटवण्यासाठी टाकलेले मीठ यांनीही हानी वाढते.

सीमाभागासाठी अर्थ

बेळगाव-निपाणीत काँक्रीट गोठण्याइतकी थंडी पडत नाही. त्यामुळे येथे हवा मिसळण्याचे कारण नाही. पाण्याचा नियम मात्र तोच आहे. ओल्या स्थितीत अधूनमधून गोठणे आणि मुसळधार पावसाचा मारा, या दोन्ही परिस्थिती हे मानक एकाच ‘तीव्र’ वर्गात ठेवते. खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातील उघड्या बांधकामांना हा वर्ग लागू पडतो. तेथे पाणी सळईपर्यंत पोहोचले की ती गंजते, फुगते आणि वरचा थर सुटतो.

या वर्गातील सळईयुक्त काँक्रीटसाठी किमान एम ३० प्रत, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण कमाल ०.४५ आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. म्हणजे ५० किलोच्या पोत्यामागे, वाळूतील ओल धरून, २२.५ लिटरच पाणी. माल सैल करण्यासाठी ऐनवेळी ओतलेली बादली ताकद व टिकाऊपणा दोन्ही घटवते. त्याऐवजी प्लॅस्टिसायझर वापरता येतो. फ्लाय अॅश वा स्लॅगमिश्रित सिमेंट असल्यास किमान १० दिवस पाणी मारणे आवश्यक आहे.