गाडीची यादी आणि कामाचा हुकूम

श्रोतेहो, सातारा, सांगली, कोल्हापूर, पंढरपूर या बाजूंनी पुण्याला आला असाल, तर स्वारगेटच्या स्टँडवर तुम्ही उतरला असालच. 2024 साली तिथे जमिनीखाली मेट्रोही आली. पण गावाकडच्या गाडीची वाट पाहणारी माणसे अजून वरच, फलाटावर, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली दिसतात. 'गाडी लागली का हो?' एवढाच त्यांचा प्रश्न. आज मी मात्र त्या लाल गाडीविषयी दुसराच प्रश्न घेऊन आलो आहे. ती गाडी कशाकशाची बनली आहे, आणि हे कुठे लिहून ठेवलेले असते?

कोणतीही वस्तू करायची म्हणजे दोन कागद लागतात. पहिल्यावर एक नग करायला काय काय लागते आणि किती लागते ते असते. दुसऱ्यावर हुकूम असतो: अमुक वस्तू, इतके नग, अमुक दिवसापर्यंत करा, आणि त्यासाठी कोठीतून एवढे सामान उचला. हल्ली कारखान्यांतून हे काम संगणकावर चालते. तिथे पहिल्या कागदाला बिल ऑफ मटेरिअल्स म्हणतात आणि दुसऱ्याला वर्क ऑर्डर. नावे परकी आहेत. वस्तू मात्र आपल्या ओळखीची आहे.

आपला गावचा सुतारच घ्या ना. बैलगाडीच्या एका चाकाला एक तुंबा, बारा आरे, सहा पाटे आणि वरून लोहाराने चढवलेली लोखंडी धाव. दोन चाके म्हटली की चोवीस आरे आले. मग कणा, साटी, जू. गाडी ही एक यादी. तिच्या पोटात चाक ही दुसरी यादी. चाकाच्या पोटात आरे आणि पाटे. यादीत यादी, अशी ही उतरंड असते. सुताराने ती कधी लिहिली नाही. बाभळीच्या ओंडक्याकडे पाहून तो सांगे, यात एका चाकाचे आरे निघतील, दुसऱ्याचे नाहीत. पण तो आजारी पडला की यादीही त्याच्याबरोबर अंथरुणाला खिळे!

राज्याचे काम असे डोक्यातल्या यादीवर चालत नाही. शिवछत्रपतींच्या राज्यात अठरा कारखाने आणि बारा महाल होते, हे शिक्षक मंडळींना ठाऊकच आहे. इथे एक सांगून ठेवतो. कारखाना म्हणजे भोंगा आणि धुराडे, हा अर्थ नंतरचा. त्या काळी कारखाना म्हणजे सामानाचे खाते: तोफखाना, दारूखाना, अंबारखाना, जामदारखाना. पुण्यात बुधवार पेठेतल्या पोलीस ठाण्याला आजही फरासखाना म्हणतात. हे नाव तंबू, राहुट्या, जाजमे सांभाळणाऱ्या खात्याचे. स्वारी निघायची तर राहुट्या किती, त्यांना खुंट्या किती, दोर किती, हे कोणीतरी आधी मोजायलाच हवे. विसरलेल्या खुंट्यांची आठवण मुक्कामावर, भर पावसात होऊन उपयोग काय?

रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. त्यात लाकडाविषयी जे सांगितले आहे, ते मला या विषयातले फार मोलाचे वाटते. जहाजांना सागवान लागेल ते परवानगीने जंगलातून तोडावे. आणखी लागेल ते बाहेरून विकत आणावे. आंबा, फणस यांची लाकडेही आरमाराच्या उपयोगी, पण त्यांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, मगच तोडावे. पाहा, मागणीचा हुकूम निघाला की त्याची दुसरी बाजू कोणाच्या तरी परसात जाऊन पोचते, हे अमात्यांनी ओळखले होते. हिशेब नीट नसला तर एकाऐवजी दोन झाडे पडतात.

आता पुन्हा एस. टी. कडे येऊ. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी वाहतुकीची पहिली गाडी धावली. लाकडी सांगाडा, आत काथ्याची बैठक. (ते अहमदनगर आता अहिल्यानगर झाले आहे.) त्या सुरुवातीच्या काळात ताफ्यात दहा निरनिराळ्या बनावटींच्या गाड्या होत्या: बेडफर्ड, शेवरोले, अल्बियन, लेलँड, स्टुडबेकर, मॉरिस आणि आणखी काही. प्रवाशाला त्याचे काय! पण स्टोअरकीपरच्या जागी स्वतःला बसवून बघा. एका बनावटीचा पिस्टन दुसरीला बसत नाही. 'पिस्टन, नग आठ' एवढेच वहीत लिहिले, तर ती नोंद खरी असूनही निरुपयोगी ठरते. दहा बनावटी म्हणजे दहा याद्या, आणि कोठीत दहा प्रकारचे सामान अडकून पडलेले.

पुढे चॅसिस मोठ्या कंपन्यांकडून घ्यायची आणि तिच्यावर बॉडी आपल्याच कार्यशाळेत चढवायची, अशी रीत पडली. पुण्याजवळची दापोडीची मध्यवर्ती कार्यशाळा त्यासाठी प्रसिद्ध आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा या तिच्या बहिणी. लाकडाच्या जागी अॅल्युमिनियम आले, 2010 नंतरच्या दशकात पोलादी बॉडी आली. प्रत्येक बदलाबरोबर यादीही बदलावी लागते. पत्रा बदलला की रिव्हेट बदलतो, रिव्हेट बदलला की हत्यार बदलते. जुनी यादी तशीच राहिली, तर स्टोअर इमानेइतबारे नको ते सामान आणून ठेवते.

या हिशेबाला संगणकाची जोड अमेरिकेत 1960 नंतर मिळाली. जोसेफ ऑर्लिकी या अभियंत्याने 1975 साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याचा मुद्दा आपला सुतारही मान्य करील. गाड्या किती खपतील हा अंदाज आहे, चाके किती लागतील हा अंदाज नव्हे. तो गुणाकार आहे. गुणाकाराच्या जागी लोक अंदाज करतात, म्हणून एक वस्तू कोठीत गंजते आणि दुसरी वेळेला सापडत नाही.

पण संगणक फक्त गुणाकार करतो, हेही लक्षात असू द्या. माझ्या नात्यातले एक गृहस्थ स्वारगेटपासून जवळच एका लहानशा कारखान्यात व्यवस्थापक होते. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या पेरणीयंत्रांची मागणी होती: चाळीस यंत्रे, मृगाच्या आधी. एका यंत्राला पाच फण, प्रत्येक फणाला दोन स्प्रिंगा. म्हणजे चाळीस यंत्रांना चारशे. संगणकाने साठा दाखवला साडेचारशे. सगळे निर्धास्त! त्याच आठवड्यात नऊ फणांच्या दहा कल्टिव्हेटरांची वर्क ऑर्डर निघाली. स्प्रिंग तीच. त्या ऑर्डरलाही संगणकाने साडेचारशेच दाखवल्या, कारण पहिल्या कामासाठीच्या चारशे राखून ठेवा, असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. कल्टिव्हेटरवाल्यांनी एकशे ऐंशी स्प्रिंगा उचलल्या. उरल्या दोनशे सत्तर. सत्तावीस यंत्रे झाली आणि तेरा सांगाडे तसेच उभे राहिले. या स्प्रिंगा बाहेर खास करून घ्याव्या लागत. त्यांना तीन आठवडे हवे होते.

पाऊस त्या वर्षी वेळेवर आला. सासवडकडच्या तेरा शेतकऱ्यांना आमच्या गृहस्थांनी स्वतः फोन केले. काहींनी शेजाऱ्याचे यंत्र भाड्याने आणले, काहींनी माळ्यावरची जुनी पाभर काढून बाजरी पेरली. एकाने फोनवर एवढेच विचारले, "साहेब, आमच्या नावाच्या स्प्रिंगा होत्या तर त्या दुसऱ्याला दिल्या कशा?"

पुढे संगणकात राखीव साठ्याची सोय चालू करण्यात आली. ती पहिल्या दिवसापासून त्यातच होती. आणि स्टोअरकीपरने आपल्या अकलेने आणखी एक केले. स्प्रिंगांच्या खोक्याला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला आणि त्यावर खडूने कामाचा नंबर लिहिला.