तापलेले यंत्र आणि खारे पाणी

मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 20 मार्च 1830 रोजी सुएझकडे निघाली, त्या सफरीचा इतिहास सांगताना कोळशाच्या टंचाईचा उल्लेख सर्वजण करतात. परंतु कोळशाहूनही चिवट असा शत्रू त्या काळच्या प्रत्येक आगबोटीच्या उदरातच वास करीत होता, आणि तो म्हणजे बाष्पकात भरलेले समुद्राचे पाणी. लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार. वाफ निघून जाई, क्षार मागे राहत, आणि त्यांतील कॅल्शियम सल्फेट तापलेल्या पाण्यात कमी विरघळत असल्यामुळे पत्र्याच्या आतून कठीण पुटे चढून उष्णता पाण्यापर्यंत पोहोचेनाशी होई, पत्रा लाल होई आणि फुगे.

या विकाराचे निदान मोठे मार्मिक होते. शुद्ध पाणी 212 अंश फॅरनहाइटला उकळते, क्षार वाढले की उत्कलनबिंदू चढतो; म्हणून बाष्पकातले थोडे पाणी भांड्यात काढून उघड्यावर उकळावे, पारा दोनतीन अंश वर दिसताच तोटी उघडून ते दाट पाणी समुद्रात सोडावे आणि ताजे घ्यावे, असा शिरस्ता होता. इंधन वाया जाई खरे, पण बाष्पक वाचे. 1841 साली मुंबईच्या स्टीम फॅक्टरीत मुख्य अभियंता म्हणून अर्देसर करसेटजी वाडिया यांची नेमणूक झाली आणि गोऱ्या कारागिरांना एका पारशी गृहस्थाचा हुकूम मानणे प्राप्त झाले, तो जमाना याच खाऱ्या बाष्पकांचा.

खरा इलाज सॅम्युएल हॉल याने 1834 मध्येच सुचविला होता: नळ्यांच्या भिंतीआडून समुद्राच्या पाण्याने वाफ निववावी आणि मिळालेले गोडे पाणीच पुन्हा बाष्पकात घालावे. तो रूढ व्हायला मात्र तीनएक दशके गेली.

स्वातंत्र्योत्तर काळात कोकणच्या मच्छीमार होड्यांवर डिझेल इंजिने आली, तेव्हा हाच प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. इंजिन थंड ठेवण्यासाठी खारे पाणी थेट त्यात खेळविणे स्वस्त पडते, पण ते फार तापू दिले की तेच पूट चढते. हॉलची भिंत मध्ये घालणे महाग, तरी माझ्या मते तेच शहाणपणाचे. जाणता तांडेल तापमानाच्या काट्याआधी बाजूच्या नळीतून बाहेर पडणारी पाण्याची धार पाहतो. धार बारीक झाली की प्रथम पाणी ओढणारी जाळी उघडावी, तीत शेवाळ वा चिखल अडकलेला असतो. जाळी स्वच्छ निघाली तर पंपातला रबरी पंखा काढावा. नवा पंखा बसविण्यापूर्वी जुन्याची पाती मोजावीत, आणि तुटलेला प्रत्येक तुकडा पुढच्या नळीत सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नये.