रंजनाचें अंगण आणि मद्याचा पेला



शाळांना सुट्या लागल्या म्हणजे मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत एक प्रश्न हमखास निघतो: मुलांना घेऊन जावयाचें कोठें? राणीची बाग आणि चौपाटी हीं त्याचीं जुनीं उत्तरें होत. १९८९ सालीं गोराईला एस्सेलवर्ल्ड आणि २०१३ सालीं खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाल्यापासून फिरत्या पाळण्यांचीं व कृत्रिम तळ्यांचीं विशाल रंजनोद्यानें हेंहि एक उत्तर झालें. अशा उद्यानांत मुलांबरोबर आलेल्या प्रौढांना मद्य मिळावें कीं नाहीं, या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

पाश्चात्य देशांत या प्रश्नाला एकच एक उत्तर मिळालेलें नाहीं. कोपनहेगनचें टिव्होली उद्यान १८४३ सालचें. तेथें आईबाप बिअर घेत बसतात, मुलें पाळण्यांत बसतात, आणि त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. उलट वॉल्ट डिस्ने या चित्रपट-निर्मात्यानें १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत डिस्नेलँड उघडलें, तेव्हां सामान्य प्रेक्षकांसाठीं तेथें मद्याचा थेंबहि ठेवला नाहीं. पुढें १९६७ सालीं त्याच आवारांत निवडक सभासदांच्या एका क्लबापुरती मद्याची सोय झाली. १९९२ सालीं पॅरिसजवळ याच कंपनीचें उद्यान उघडलें. जेवणाबरोबर द्राक्षासव मिळत नाहीं म्हणून फ्रेंच लोकांनीं नाकें मुरडलीं, आणि दुसऱ्याच वर्षीं चालकांना माघार घ्यावी लागली. फ्लॉरिडांतील १९७१ सालच्या उद्यानानें चाळीस वर्षें दम धरला. पण २०१२ सालीं तेथील एका भोजनगृहांतहि पेले आले.

तात्पर्य, परदेशाचा दाखला दोन्ही पक्षांना मिळतो. म्हणून आपण आपल्याच घरचा इतिहास चाळून पाहूं. गिरगांव, दादर, परळ आणि लालबाग या भागाला हा प्रश्न नवा नाहीं. प्रौढांचें पेय आणि कुटुंबाचें रंजन यांचा शेजार कोणता असावा, याचे प्रयोग येथें शंभरावर वर्षें चालले आहेत आणि त्यांची किंमत येथील बायकामुलांनीं मोजली आहे.

मुंबई बेट एके काळीं माडांचें होतें. माहीमपासून गिरगांवापर्यंत नारळीच्या वाड्या होत्या आणि माड काढणें हा भंडारी समाजाचा पिढीजात धंदा होता. १८७८ सालच्या मुंबई अबकारी कायद्यानें या सगळ्या व्यवहारावर सरकारची पकड बसली. झाडावर कर चढला, दुकानांचे मक्ते लिलांवांत जाऊं लागले, ताडी महाग झाली आणि मोहाच्या फुलांच्या कडक दारूला बाजार मिळाला. अबकारी हा सरकारी उत्पन्नाचा एक मोठा खांब होऊन बसला. हा खांब आपण लक्षांत ठेवूं; पुढें त्याचें काम आहे.

याच काळांत परळ-लालबागचें गिरणगांव वसलें. कोंकणांतून व घाटावरून आलेल्या माणसाला चाळींत दहा बाय बाराची खोली मिळे, आणि तींतहि एकाऐवजीं आठ-दहा गडी राहत. दिवसभर साच्यावर उभें राहून आलेल्या त्या माणसानें संध्याकाळीं बसावयाचें कोठें? बाग नाहीं, वाचनालय नाहीं, बायकोमुलें गांवीं. बसावयास बांक, बोलावयास सोबती आणि डोक्यावर छप्पर देणारी एकच जागा वस्तींत होती, ती म्हणजे गुत्ता. गिरणगांवांतील माणूस दारूसाठीं गुत्त्यांत जाई हें खरें. पण बसण्यासाठीं गेला आणि दारूला लागला, असेंहि पुष्कळदां घडलें. करमणूक आणि मद्य हीं एकाच दारांतून मिळत असलीं म्हणजे माणसाला त्यांतील एक निवडतां येत नाहीं.

ही गोष्ट ज्यांनीं नीट ओळखली त्यांत नारायण मल्हार जोशी यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. त्यांनीं १९११ सालीं स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगनें दारूची नुसती निंदा करीत बसण्याचें टाळलें. रात्रीच्या शाळा काढल्या, फिरतीं वाचनालयें चालविलीं, जादूच्या कंदिलाचीं व्याख्यानें वस्त्यांतून दिलीं. शिमग्यांत दारूला व शिवीगाळीला ऊत येई. त्या दिवसांत सुधारकांनीं होलिका-संमेलनें भरवून खेळ व गाणीं यांचा पर्याय पुढें केला. लीगचें परळचें दामोदर सभागृह १९२२ सालीं उभें राहिलें. कामगारांनीं लिहिलेलीं व कामगारांनींच केलेलीं नाटकें, कोंकणचीं नमनें आणि दशावतार यांनीं तें दुमदुमून गेलें. येथें गिरणीकामगार आपल्या कुटुंबाला घेऊन येऊं शकला. परळला अशा जागेचें मोल फार मोठें होतें. शंभर वर्षें उभी राहिलेली ही वास्तू २०२३ सालीं पुनर्बांधणीसाठीं बंद झाली, तेव्हां गिरणगांवाचे जुने रहिवासी हळहळले, तें कांहीं उगाच नव्हे.

रंगभूमीवर हा विषय त्यापूर्वींच येऊन गेला होता. राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ सालीं रंगभूमीवर आलें आणि मद्याचा पहिला आघात पत्नीवर कसा होतो हें सुशिक्षित घरांना त्यांनीं डोळ्यांदेखत दाखविलें. १९३० सालच्या सत्याग्रहांत याच सुशिक्षित घरांतल्या बायका देशसेविका होऊन दारूच्या दुकानांपुढें निरोधनास उभ्या राहिल्या. ज्या दारापाशीं उभें राहणें कुलीन स्त्रीला कमीपणाचें वाटावें, त्या दारापाशीं त्या तासन् तास उभ्या होत्या. मद्याचा निकाल केवळ पिणाऱ्यानें लावावयाचा नसून त्याच्या घरालाहि त्यांत मत आहे, हें त्यांनीं न बोलतां सांगितलें.

यानंतर आला कायद्याचा प्रयोग. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानें १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी पुकारली. अबकारी खातें डॉ. गिल्डर या पारशी गृहस्थांकडे होतें, आणि ज्यांचा विरोध सर्वांत तीव्र त्यांत पारशी समाजच पुढें होता. येथें तो उत्पन्नाचा खांब आठवा! दारूवरचें बुडालेलें उत्पन्न भरून काढण्यासाठीं शहरांतील घरांच्या वार्षिक भाडेमूल्यावर शेंकडा दहा कर बसवावा लागला, आणि ज्यांना दारूशीं कांहीं कर्तव्य नव्हतें तेहि घरमालक खवळले. त्याच वर्षीं आचार्य अत्रे यांच्या लेखणींतून उतरलेला ‘ब्रँडीची बाटली’ हा विनोदी चित्रपट लोकांनीं मनमुराद हंसत पाहिला. मंत्रिमंडळ थोड्याच महिन्यांत पायउतार झालें, आणि १९४० सालीं उच्च न्यायालयानें बंदीच्या हुकुमाचा महत्त्वाचा भाग कायद्याबाहेरचा ठरविला.

स्वातंत्र्यानंतर १९४९ सालीं नवा कायदा झाला व ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली. हेतु उदात्त होता, याविषयीं शंका नाहीं. परिणाम मात्र आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं असा झाला. रस्त्यावरचें दुकान बंद झालें आणि चाळींतील मोरीपाशीं, खाटेखालीं, पाण्याच्या पिंपांत तें पुन्हा उघडलें. गिरगांव, धोबीतलाव आणि गिरणगांव येथें ‘आंटीचे अड्डे’ ही नवी संस्था जन्मास आली. पोट भरण्याचें दुसरें साधन नसलेल्या अनेक बायका राहत्या खोलींत हातभट्टीची दारू विकूं लागल्या. ज्या खोलींत लेंकरें अभ्यास करीत व झोंपत, तेथेंच परके पुरुष रात्रीं पेले घेऊन बसूं लागले. वैद्यांच्या दाखल्यावर परवाने मिळत, म्हणून श्रीमंतांची गैरसोय झाली नाहीं. गरिबाच्या मुलांचा मात्र निवारा गेला. कुटुंबाच्या रक्षणासाठीं केलेल्या कायद्यानें मद्य घराच्या उंबरठ्याच्या आंत आणून सोडलें.

१९६०च्या दशकापासून ही बंदी पायरीपायरीनें शिथिल झाली. कायदा मात्र आजहि पुस्तकांत आहे; मद्यपानास परवाना लागतो, आणि कडक मद्यासाठीं वयाची अट २५ वर्षांची आहे.

आतां दुसऱ्या पक्षाचें म्हणणें न्यायबुद्धीनें ऐकिलें पाहिजे. गिरगांवांतच खोताची वाडी आहे. तेथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत सणासुदीला घरीं केलेली वाइन मुलांबाळांसमक्ष, आजीआजोबांच्या पंक्तीला घेतली जाते आणि त्यांत कोणतीहि मर्यादा सुटत नाहीं. पारशी घरांतहि हाच रिवाज. बाळसारा नांवाच्या एका पारशी नागरिकानें दारूबंदीच्या कायद्याला आव्हान दिलें, आणि १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायदा मुख्यतः कायम ठेवूनहि त्याचीं कांहीं कलमें रद्द केलीं. मद्य दिसलें कीं घर बुडालें, असें म्हणणें या सज्जन शेजाऱ्यांवर अन्याय करणारें होईल. टिव्होलीच्या उद्यानाचा दाखला वर दिलाच आहे.

परंतु येथें एक भेद आहे. खोताच्या वाडींतील पेला भरतो तो घरचा कर्ता माणूस. कोणाला किती द्यावयाचें व कोठें थांबावयाचें हें त्याला व त्याच्या गृहिणीला ठाऊक असतें. रंजनोद्यानांतील पेला भरणार तो विक्रेता, आणि त्याचा नफा न थांबण्यांत आहे. अबकारीचा सारा इतिहास हेंच सांगतो. मद्याचें उत्पन्न एकदां हिशेबाच्या वहींत बसलें कीं तें काढणें सरकारलाहि जड गेलें, त्यासाठीं घरांवर कर बसवावे लागले. मग तें उद्यानाच्या मालकाला कसें सोडवेल? आज कोपऱ्यांत एक बांक, उद्यां पाळण्याशेजारीं दुसरा, हा क्रम त्यानें मनांत आणूनहि थांबणार नाहीं.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. मीं जन्मभर शाळामास्तरकी केली. तीस-चाळीस मुलें घेऊन सहलीस निघालेल्या मास्तराला प्रत्येक वळणावर डोकीं मोजावीं लागतात. उंच पाळणा, खोल पाणी आणि हजारोंची गर्दी असलेल्या ठिकाणीं बापाचें कामहि तेंच असतें. तेथें लक्षाचा एक क्षण ढळला तरी पुरे. शिवाय संध्याकाळीं तींच मुलें मागल्या बाकावर बसवून त्यालाच घाटरस्त्यानें गाडी हांकीत मुंबईस परतावयाचें असतें. १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असतां गाडी चालविणें हा आपल्या देशांत गुन्हा आहे. घरीं नेणाऱ्या सारथ्यालाच पेला पुढें करणें हा कोणता पाहुणचार?

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा निवडीचा. मद्यगृह कोठें आहे हें ज्याला ठाऊक आहे तो तेथें जाऊं शकतो, व ज्याला नको तो दुसऱ्या रस्त्यानें जातो. पण तिकीट काढून आंत गेलेल्या मुलाला व त्याच्या आईला दुसरा रस्ता उरत नाहीं. घरीं ज्या वासाला भिऊन मूल कोपऱ्यांत दडतें, तोच वास त्याच्या वर्षांतील एकुलत्या एका आनंदाच्या दिवशींहि त्याच्याबरोबर यावा काय? जानेवारी २०२२ मध्यें राज्य सरकारनें मोठ्या वाणसामानाच्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचें ठरविलें, तेव्हां महाराष्ट्रांत गदारोळ झाला आणि तो निर्णय अंमलांत आला नाहीं. वाइन कडक कीं सौम्य, हा त्यांत मुख्य वाद नव्हता. जेथें गृहिणी मूल कडेवर घेऊन डाळतांदूळ आणावयास जाते ती जागा कोणाची, हा वाद होता. ज्या राज्यांत एखाद्या वस्तींतील मतदार ‘आडव्या बाटली’ला मत देऊन दारूचें दुकान बंद करूं शकतात, तेथें हें मत नवलाचें नाहीं.

मद्यावांचून रंजन चालत नाहीं, ही भीतीहि निराधार आहे. गिरगांवचें साहित्य संघ मंदिर १९६४ पासून व दादरचें शिवाजी मंदिर १९६५ पासून मराठी कुटुंबांनीं भरत आलें आहे. मध्यंतरांत तेथें चहा आणि बटाटेवडा मिळतो, आणि तेवढ्यावर तीन पिढ्यांची तृप्ति झाली आहे. १८९३ सालीं केशवजी नाईक चाळींत आणि १९३४ सालीं लालबागच्या बाजारांत गणपति बसला, त्याच्या मंडपांत येणाऱ्या लाखोंना पेल्याची उणीव कधीं भासली नाहीं.

म्हणून माझें मत असें कीं प्रौढाला त्याचा पेला सर्वत्र नाकारूं नये. तो प्रयोग आपण १९५० सालीं केला आणि त्याचीं फळें चाळींतल्या लेंकरांनीं भोगलीं. ज्यांना हवा त्यांच्यासाठीं त्याची जागा असावी, ती उघड असावी, कायद्याच्या नजरेखालीं असावी, आणि उद्यानाच्या कुंपणाबाहेर असावी. कुंपणाच्या आंतील अंगण मात्र सर्वांचें सामाईक आहे, आणि सामाईक अंगणाचा नियम घरांतल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या सोयीनें ठरवावयाचा असतो. नारायणराव जोशांच्या पिढीनें गुत्त्यापासून वेगळें असें एक दार गिरणगांवाला उघडून दिलें. तें दार उघडावयास फार कष्ट पडले होते. नफ्याच्या चार पैशांसाठीं त्या दाराला गुत्त्याची वाट आपल्या हातानें जोडूं नये, इतकीच माझी आपणांस विनंति आहे.