अपघाताचा तपास आणि तपासकांचे जाळे

मुंबईचा पश्चिम द्रुतगती मार्ग वांद्र्याहून दहिसरपर्यंत साधारण २५ किलोमीटर धावतो. तेवढ्या लांबीत विलेपार्ले, अंधेरी, वनराई, दिंडोशी, समता नगर, कस्तुरबा मार्ग अशा पोलीस ठाण्यांच्या हद्दी एकामागून एक लागतात. अपघात ज्या हद्दीत झाला तिथे गुन्हा नोंदला जातो आणि तपासही त्याच ठाण्यातला अधिकारी करतो. वाहतूक शाखा क्रेन बोलावून रस्ता मोकळा करते, तपास तिचा नसतो. गाडी तपासायला येणारा मोटार वाहन निरीक्षक अंधेरी किंवा बोरिवलीच्या आरटीओतला असतो. घाटकोपर-मुलुंडकडे तो वडाळ्याहून येतो. जखमी जोगेश्वरीच्या ट्रॉमा केअरला, कूपरला किंवा राजावाडीला जातात. रस्ता महापालिकेचा आहे, आणि पूर्व व पश्चिम हे दोन्ही द्रुतगती मार्ग तर एमएमआरडीएकडून तिच्याकडे आले ते २०२२ मध्ये. एका धडकेची माहिती अशी पाच-सहा हातांत विखुरते. हे हात एकमेकांना धरतील असे व्यावसायिक जाळे कसे वाढेल, हा इथला प्रश्न आहे.

जाळ्याचा सांगाडा तयार आहे, ही गोष्ट आधी मान्य केली पाहिजे. आयआयटी मद्रासने आखलेली आणि एनआयसीने उभारलेली ‘आयरॅड’ ही संगणकीय प्रणाली २०२१ मध्ये ज्या सहा राज्यांत प्रथम आली, त्यांत महाराष्ट्र होता. तिच्यात पोलीस, परिवहन, रस्तेबांधणी आणि आरोग्य या चारही खात्यांना नोंदीची सोय आहे. पुढे ‘ई-डार’मुळे विमा कंपन्या आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे तिला जोडली गेली. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी मुदतीही बांधल्या: पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत, सविस्तर ९० दिवसांत. माझ्या मते या रचनेत एकच मोठी उणीव आहे. माहिती खालून वर जाते, आडवी जात नाही. वनराईतल्या अधिकाऱ्याने भरलेला तपशील दिल्लीच्या आकडेवारीत मिळतो. पण तशाच अपघाताचा पंचनामा करणाऱ्या मुलुंडच्या अधिकाऱ्याला त्यातून काही शिकता येत नाही.

शिकण्यासारखे किती आहे, हे एका साध्या गणितावरून दिसेल. ब्रेक दाबल्यावर चाके घासत गेल्याची खूण २० मीटर लांब असेल, तर घर्षणगुणांक धरून ब्रेक लागला त्या क्षणीचा किमान वेग काढता येतो. कोरड्या डांबरावर हा गुणांक ०.७ धरला तर वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास येतो. तोच रस्ता ओला असेल आणि गुणांक ०.४ धरला, तर तीच खूण ताशी ४५ चा वेग सांगते. पंचनाम्यात ‘रस्ता ओला होता’ एवढे तीन शब्द राहून गेले की निष्कर्ष १५ किलोमीटरने घसरतो, आणि माणूस दोषी की निर्दोष हेही त्या १५ किलोमीटरवर ठरू शकते. शिवाय एबीएस असलेल्या गाडीची खूण पुसट उमटते. ती शोधायची कशी, हे कुणीतरी दाखवावे लागते. सीसीटीव्हीचेही तसेच आहे. दोन दिव्यांच्या खांबांमधले अंतर ३० मीटर असेल आणि ते कापायला गाडीला ५० चौकटी लागल्या असतील, तर सेकंदाला २५ चौकटींच्या हिशेबाने वेग ताशी ५४ किलोमीटर निघतो. मात्र पुष्कळ खासगी कॅमेरे सेकंदाला २५ चौकटी टिपतच नाहीत. हे ज्याला माहीत आहे तो आधी यंत्राची सेटिंग तपासतो. ज्याला माहीत नाही तो चुकीचा वेग दोषारोपपत्रात लिहून मोकळा होतो. अशा गोष्टी पुस्तकापेक्षा हाताखाली काम करताना अधिक कळतात, आणि अधिकाऱ्याची बदली झाली की त्याच्याबरोबर निघून जातात.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा गाडीतल्या नोंदी वाचून निर्मात्या कंपनीने पोलिसांना तपशील पुरवला. उपनगरांत मरणाऱ्यांत बहुसंख्य पादचारी आणि दुचाकीस्वार असतात. त्यांच्यामागे अशी कोणतीही नोंद उरत नाही. घटनास्थळ वाचण्याचे कसब त्यांच्या बाबतीत जास्त लागते, आणि तिथेच ते सर्वांत कमी मिळते.

दुसरी अडचण तपासाच्या हेतूची आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्याला शोधते, आणि तपास अधिकारी त्या चौकटीत काम करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ खाली होणारी तपासणी बहुधा ‘यांत्रिक दोष आढळला नाही’ या वाक्यावर थांबते. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात, अंधेरीला निघालेली ३३२ क्रमांकाची बेस्ट बस बाजाराच्या गर्दीत घुसली. चालकाला त्या विजेच्या, स्वयंचलित गिअरच्या बसचा पुरेसा सराव नव्हता, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. खटल्यात हा एका माणसाविरुद्धचा पुरावा असतो. तपासकांच्या वर्तुळात तोच प्रश्न वेगळा व्हायला हवा: जुन्या बसवरून नव्या बसवर येणाऱ्या प्रत्येक चालकाला किती दिवस, कुणी आणि कुठल्या रस्त्यावर शिकवायचे?

रेल्वेत हा फरक फार पूर्वी ओळखला गेला. रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, म्हणजे गाड्या चालवणाऱ्या खात्याबाहेर असतात. आरोग्य खात्यातली माता मृत्यू अन्वेषणाची पद्धतही नजरेसमोर ठेवण्यासारखी आहे: तिथे प्रत्येक मृत्यूची छाननी होते, ती शिक्षेसाठी नव्हे. रस्त्यासाठी अशी जागा नाही. उलट मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ मुळे सदोष रस्त्याबद्दल ठेकेदार व अभियंत्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरतूद योग्यच आहे. पण तिच्या सावलीत रस्ते अभियंता पोलिसांसमोर मोकळेपणाने बोलणार नाही, हे गृहीत धरूनच जाळ्याची रचना करावी लागेल. म्हणून चर्चेला येणारे प्रकरण नावे, गाडी क्रमांक आणि पत्ते काढलेले असावे, आणि शक्यतो न्यायालयात निकाली निघालेले असावे.

जर्मनीत हानोफर आणि ड्रेस्डेन या दोन शहरांच्या पथकांनी १९९९ पासून एकाच साच्यात अपघात नोंदवायला सुरुवात केली. वर्षाला सुमारे दोन हजार. ब्रिटनमध्ये तपासकांची स्वतःची संस्था आहे, आणि पोलीस व खासगी तज्ज्ञ तिच्यात एकत्र बसतात. दोन्हीकडे वाढ सभासदसंख्येच्या मागे लागून झालेली नाही. पुन्हा पुन्हा येण्यासारखे काम होते म्हणून माणसे येत राहिली. व्हॉट्सॲपवर शंभर जणांचा गट एका संध्याकाळी होतो आणि महिन्याभरात त्यात शुभेच्छाच उरतात. त्यापेक्षा महिन्यातून एकदा एक प्रकरण, पंचनाम्याचा नकाशा, छायाचित्रे आणि गणित यांसह दहा जणांनी ऑनलाइन उलगडावे. त्या दहांत आरटीओ निरीक्षक हवा, शवविच्छेदन करणारा डॉक्टर हवा, कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतला कुणी हवा आणि विमा सर्वेक्षकही हवा. यजमानपद पवईच्या आयआयटीने घ्यावे, असे मला वाटते. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर ती दोन्ही उपनगरांच्या मध्ये आहे, आणि कुठल्याही ठाण्याची किंवा खात्याची बाजू तिला घ्यावी लागत नाही.

पहिले सामायिक काम म्हणून मी घर्षणाचा तक्ता सुचवीन. महापालिका डांबराच्या जागी काँक्रीट आणते आहे. पुलांवर मास्टिक असते, कडेला पेव्हर ब्लॉक असतात. या प्रत्येकाचा घर्षणगुणांक कोरड्यात, जूनच्या पहिल्या सरीत धूळ आणि तेल मिसळून झालेल्या चिखलात, आणि ऑगस्टच्या धुऊन निघालेल्या पृष्ठभागावर मोजायचा. गाडी एक, साधन एक आणि पद्धतही एकच ठेवायची. तक्ता मराठीत छापावा आणि अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या प्रत्येक ठाण्यात, पंचनाम्याच्या कोऱ्या कागदांशेजारी ठेवावा.