अमर्याद डेटा राखण्याची किंमत
अमेरिकेतील व्हेरायझन कंपनीने जुलै २०११ मध्ये महिना ३० डॉलरची अमर्याद डेटा योजना नव्या ग्राहकांसाठी बंद केली. जुन्यांची चालू ठेवली. २८ जून २०१२ पासून मात्र जुन्या ग्राहकांपुढेही पेच उभा राहिला. दोन वर्षांच्या करारावर सवलतीत नवा फोन घेतल्यास ही योजना संपुष्टात येई. पूर्ण किंमत मोजल्यास ती टिके. त्याच वर्षी आलेला, वेगवान फोर-जी एलटीई सेवेवर चालणारा १६ जीबीचा आयफोन ५ करारावर १९९, तर कराराविना ६४९ डॉलरला मिळे. फरक ४५० डॉलरचा, म्हणजे दोन वर्षांत दरमहा सुमारे १९ डॉलर. भरपूर वापर करणाऱ्यास तो परवडे. मोजक्या वापरासाठी सवलतच हिताची होती.