‘सापेक्षता’: शब्दाचा इतिहास आणि अर्थ

‘आइन्स्टाइनच्या मते सर्व काही सापेक्ष आहे’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नका. ते चूक आहे, आणि चुकीला नावच कारणीभूत आहे.

आइन्स्टाइनच्या १९०५ च्या शोधनिबंधाचे शीर्षक ‘गतिमान वस्तूंच्या विद्युत्‌गतिकीविषयी’ असे होते. त्यात सापेक्षतेचे ‘तत्त्व’ होते. ‘सापेक्षता सिद्धांत’ हे नाव १९०६ मध्ये प्लांक आणि बुखेरर यांच्या लेखनातून रूढ होऊ लागले. मिन्कोव्स्कीला १९०८ मध्ये हा शब्द फारच फिका वाटला. त्याने ‘निरपेक्ष विश्वाचे गृहीतक’ असे नाव सुचवले. ते टिकले नाही. भारतात मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी मूळ जर्मन निबंधांचे इंग्रजी भाषांतर केले. कलकत्ता विद्यापीठाने ते १९२० मध्ये प्रसिद्ध केले.

मिन्कोव्स्कीचा आक्षेप समजून घ्या. गुरुग्रामच्या मेट्रोत शेजारचा प्रवासी तुम्हाला स्थिर दिसतो, फलाटावरच्या माणसाला गतिमान. वेग, कालावधी, लांबी ही मापे निरीक्षकानुसार बदलतात. परंतु भौतिकीचे नियम दोघांनाही तेच, आणि निर्वातातील प्रकाशाचा वेगही तोच: सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. सिद्धांताचा खरा आधार हे न बदलणारे भाग आहेत.

मराठीत ‘सापेक्ष’ म्हणजे अपेक्षेसह, आणि येथे अपेक्षा म्हणजे संदर्भ. आपला ‘पेक्षा’ त्याच शब्दातून आला. ‘उंच’ म्हटले की ‘कोणापेक्षा?’ असे आपण विचारतो. ‘वेग’ म्हटले की ‘कशाच्या संदर्भात?’ असे विचारा. उदाहरण सोडवताना पहिली ओळ हीच लिहा.