विडी, दमा आणि सोडवणूक : जव्हार-मोखाड्यातील धुराचा इतिहास

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगराळ तालुके आज जोडीने उच्चारले जात असले, तरी त्यांचा प्रशासकीय भूतकाळ एक नाही. जव्हार हे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे संस्थान होते आणि ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. मोखाडा मात्र ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातील पेटा (तालुक्याचा उपविभाग) होता आणि १९३५ च्या भारत सरकार कायद्यानंतर त्याची गणना ‘अंशतः वगळलेल्या क्षेत्रां’त, म्हणजे प्रांतिक कायदे जेथे गव्हर्नरच्या आदेशाशिवाय लागू होत नसत अशा मुलखांत, झाली. २०१४ मध्ये पालघर जिल्हा निर्माण झाला तेव्हा हे दोन्ही तालुके त्यात आले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमातींची वस्ती येथे नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. या भागातील दम लागण्याच्या जुनाट आजाराचा विचार करताना केवळ तंबाखूचा इतिहास पाहून भागत नाही. शेतातला धूर, चुलीचा धूर आणि विडीचा धूर असे तीन धूर एकाच छातीत कसे साठत गेले आणि त्यांतील तिसरा सोडवण्याची वैद्यकीय मदत इतक्या उशिरा का आली, हे पाहावे लागते.

सीओपीडी या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा विकार म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणे आणि फुप्फुसातील वायुकोश झिजून फुटणे. लोकभाषेत त्याला सरसकट ‘दमा’ म्हणतात. परंतु खऱ्या दम्यात आकुंचन पावलेली श्वासनलिका औषधाने बऱ्याच अंशी पूर्ववत होते, तर या विकारात गेलेली क्षमता परत येत नाही आणि उपचारांचा मुख्य हेतू पुढची झीज रोखणे हाच उरतो.

पहिला धूर राबाचा. भात आणि नागलीची रोपे तयार करण्यासाठी झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत व शेण जमिनीच्या तुकड्यावर पसरून पावसाळ्यापूर्वी जाळण्याची ही पद्धत ठाणे-कुलाब्याच्या डोंगरी शेतीचा कणा होती. १८७८ च्या वनकायद्यानंतर राबासाठी झाडे छाटण्यावर निर्बंध आले, त्यातून उठलेल्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला गेला आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. हा सारा वाद झाडे आणि महसूल यांच्याभोवती फिरला. दुसरा धूर चुलीचा असून, कुडाच्या भिंतींच्या आणि धुराडे नसलेल्या घरात तो मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला आला. लाकूडफाट्याच्या या धुराने विडी न ओढणाऱ्या स्त्रियांचीही फुप्फुसे आणि त्यामागोमाग हृदयाची उजवी बाजू निकामी होते, याकडे दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५० च्या दशकातच लक्ष वेधले होते; तरीही हा विषय धोरणाच्या पातळीवर येण्यास अनेक दशके लागली आणि स्वयंपाकाच्या गॅसची उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली.

तिसरा धूर तंबाखूचा. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी ती विजापूरहून अकबराच्या दरबारापर्यंत पोहोचली होती. डोंगरातल्या माणसापर्यंत तिला स्वस्तात नेणारी विडी मात्र बरीच नंतरची. आपट्याच्या किंवा टेंभुर्णीच्या पानात चिमूटभर तंबाखू गुंडाळून ओढण्याची घरगुती रीत जुनी असली, तरी तिचा धंदा झाला तो १८९९-१९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर मध्य प्रांतात गेलेल्या व्यापाऱ्यांमुळे आणि टेंभुर्णीच्या जंगलांना बाजाराशी जोडणाऱ्या रेल्वेमुळे. पुढे विदर्भात गोंदिया आणि नाशिक जिल्ह्यात सिन्नर ही विडीची मोठी केंद्रे बनली. जंगलातले पान अशा रीतीने जंगलाबाहेर जाऊन बंडलाच्या रूपाने पुन्हा जंगलातल्याच मजुराच्या हाती विकत येऊ लागले. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते. परंतु तिचे पान हवा सहज आत येऊ देत नाही आणि ओढली नाही तर विडी विझते, म्हणून झुरके अधिक व खोल घ्यावे लागतात आणि निकोटिन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांची मात्रा कमी होण्याऐवजी वाढते.

राज्यसंस्थेने या फरकाकडे उलट दिशेने पाहिले. १९७५ च्या कायद्याने वैधानिक इशारा छापणे सक्तीचे झाले ते केवळ सिगारेटच्या पाकिटावर. गरिबाच्या विडीचे बंडल इशाऱ्याविना विकले जात राहिले. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने विडीलाही कक्षेत घेतले आणि चित्रमय इशारे ३१ मे २००९ पासून सुरू झाले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा सिगारेटवर कराशिवाय उपकर बसला, विडीवर मात्र तो बसला नाही. लाखो विडी कामगारांच्या, विशेषतः घरबसल्या विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या, रोजगाराचा प्रश्न या सवलतीमागे खराच होता. परंतु तिची किंमत ओढणाऱ्याच्या छातीने मोजली.

वैद्यकाच्या बाजूनेही विलंबाची कारणे होती. जुना खोकला म्हणजे क्षय, या समीकरणाभोवती ग्रामीण आरोग्ययंत्रणा उभी राहिली आणि क्षयाचा प्रादुर्भाव पाहता ते समर्थनीयही होते. पण बेडक्यात जंतू न सापडलेल्या रुग्णाला ‘दमा’ म्हणून गोळ्या देऊन परत पाठवले जाई, कारण श्वासाचा वेग व प्रमाण मोजणारे स्पायरोमीटर हे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रातील नित्याचे साधन नव्हते. दरम्यान लंडनमधील कामगार पुरुषांची आठ वर्षे तपासणी करून फ्लेचर आणि पेटो यांनी १९७७ मध्ये दाखवले की धूम्रपान सोडल्यावर गमावलेली श्वासक्षमता परत मिळत नसली, तरी पुढच्या घसरणीचा वेग न ओढणाऱ्याइतका खाली येतो. अमेरिका व कॅनडातील ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या ‘लंग हेल्थ स्टडी’ने अकरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर हेच आकड्यांत मांडले : ओढत राहिलेल्या पुरुषांची एका सेकंदात सोडल्या जाणाऱ्या श्वासाची क्षमता दरवर्षी सुमारे ६६ मिलिलिटरने, तर सोडलेल्यांची सुमारे ३० मिलिलिटरने घटली. विडी सोडवणे हा नीतीचा उपदेश न राहता उपचाराचाच भाग झाला तो या पुराव्यामुळे.

भारतात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने २००२ मध्ये तेरा तंबाखूमुक्ती केंद्रे सुरू झाली. २००७-०८ मध्ये राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम आला, २०१६ मध्ये दूरध्वनीवरून समुपदेशन सुरू झाले आणि २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत निकोटिन पर्यायी उपचाराचा समावेश झाला. या उपचारात रुग्णाला सोडण्याची तारीख ठरवून दिली जाते, पहिल्या काही आठवड्यांतील चिडचिड, झोपमोड व तलफ यांची आधी कल्पना दिली जाते, निकोटिनची गोळी चघळायला देऊन ती मात्रा हळूहळू उतरवली जाते आणि पुन्हा ओढले तरी त्याला न रागावता नव्याने आरंभ केला जातो. महाराष्ट्रात मात्र एक वेगळी अडचण आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. म्हणजे विडी सुटलेल्या माणसाभोवती चुना लावून मळलेल्या तंबाखूचा आणि मिश्रीचा मोठा शेजार असतो, आणि विडीऐवजी तंबाखू तोंडात धरली तर फुप्फुस वाचते, पण व्यसन टिकते व तोंडाच्या कर्करोगाचा धोका उभा राहतो.

केंद्र, दूरध्वनी आणि ठरलेल्या तारखांच्या भेटी ही रचना एका जागी राहणाऱ्या माणसाला गृहीत धरते. जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, त्यामुळे पाठपुरावा तुटतो. तसेच ही रचना सोडण्याला एकट्या माणसाचा निश्चय मानते. या परिसराचा इतिहास वेगळे सांगतो. १९२१-२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांतून उगवलेली आणि डोंगरी भागांतून सुरत जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात पसरलेली देवीची चळवळ, जिचा अभ्यास डेव्हिड हार्डिमन यांनी केला आहे, ती दारू, ताडी आणि मांस सोडण्याचा आदेश गावाला एकत्र बसवून देत असे. शपथ साऱ्या गावाची होती आणि तिच्यामागे दारूविक्रेत्याच्या कर्जातून सुटण्याची इच्छाही होती. अनेक गावांत तो निर्धार पुढे ओसरला, आणि केवळ शपथ पुरत नाही हेही त्यातून दिसते. तरीही सोडण्याची गोष्ट येथे सामुदायिक कृती म्हणून लोकांना परकी नव्हती.

वैद्यकीय उपचार आणि गावाने मिळून सोडणे या दोन परंपरांची सांगड घालणे हेच आजचे काम ठरते. तीन धुरांपैकी राबाचा धूर शेतीपद्धतीशी आणि चुलीचा धूर इंधनाच्या किमतीशी बांधलेला आहे. विडीचा धूर तेवढा रुग्णाच्या स्वतःच्या हाती आहे, पण त्यालाही निकोटिनची गोळी, स्पायरोमीटरचा आकडा आणि पाड्यातील माणसांची साथ एकत्र मिळाली तरच. आशा कार्यकर्तीने शेतीच्या हंगामात, कुटुंब गावात असताना, एकाच पाड्यातील अनेकांना एकाच वेळी सोडण्यास प्रवृत्त करणे आणि औषधाचा पुरवठा स्थलांतराच्या महिन्यांतही चालू ठेवणे, ही व्यवस्था येथील वर्षक्रमाशी जुळणारी आहे. ज्या राज्यव्यवस्थेने विडीला दीर्घकाळ इशाऱ्याबाहेर आणि उपकराबाहेर ठेवले, तिच्यावरच ही सोडवणूक रुग्णाच्या दारापर्यंत नेण्याची जबाबदारी येते.